सरकार नको म्हणताना

(जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



काल संध्याकाळच्या गटचर्चेत एक वाद अर्धवट राहिला. आपल्यातली एक जण म्हणाली, पोलीस ठाणं, तहसील, कोर्ट यांच्या पायऱ्या झिजवून आपण थकलो. बाईला तिथे न्याय मिळत नाही. तेव्हा सरकारचा नाद सोडावा आणि गावाचा कारभार गावानंच बघावा. दुसरी तेवढ्याच तावातावानं म्हणाली, गावाच्या हातात सगळं दिलं तर आपलं मरणच आहे, आहे तो कायदा तरी राहू द्या. जेवणाची वेळ झाली म्हणून आपण उठलो, पण रात्री झोपताना खोलीत तेच चाललं होतं. सकाळी संयोजक ताई म्हणाल्या, आजच्या पहिल्या सत्रात तू यावर बोल. मी विचारवंत नाही. समाजकार्याची पदवी घेऊन या जिल्ह्यात काम करणारी कार्यकर्ती आहे. कामात जे पाहिलं आणि जिथे मी स्वतः चुकले, तिथूनच बोलते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मला कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. एका गावातली बाई आमच्या केंद्रात आली. नवरा मारायचा, दारूही प्यायचा. ती आधी पोलीस ठाण्यात गेली होती. तिथे तिला सांगितलं, गावात तंटामुक्ती समिती आहे ना, तिथे मिटवा, कशाला संसार मोडता. ती समितीकडे गेली. समितीतले लोक म्हणाले, गावाचं नाव तंटामुक्तीच्या बक्षिसासाठी गेलंय, तू केस केलीस तर गावाचं नुकसान. मग शंभराच्या स्टँप पेपरवर लिहून झालं. नवऱ्यानं लिहून दिलं की मारणार नाही. आणि तिच्याकडून लिहून घेतलं की ती पुन्हा पोलिसांत जाणार नाही.

सही करण्याआधी तिनं मला विचारलं होतं, करू का? मी म्हणाले, करा. कॉलेजात मी विकेंद्रीकरण शिकले होते, लोकन्यायालय शिकले होते. लोकांनी आपले प्रश्न आपणच सोडवावेत, पोलिसांच्या दारात जावं लागू नये, हे मला मनापासून पटलेलं होतं. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचं मनगट मोडलेलं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, पोलीस म्हणाले गावाकडं जा. गाव म्हणालं घरात मिटव. मग माझं सरकार कोणतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज जमेल तेवढं देण्याचा प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट कबूल करू. सरकार नको म्हणणाऱ्यांना आपण वेड्यात काढू नये. तो विचार मोठ्या माणसांनी केलेला आहे. फेब्रुवारी 1916 मध्ये बनारसच्या भाषणात गांधीजींनी आपण स्वतः अराजकवादी आहोत, पण वेगळ्या प्रकारचे, असं सांगितलं होतं. बॉम्ब नको, हिंसा नको, पण माणसावर माणसाची हुकमत नको हा त्यांचा आग्रह होता. राज्यसंस्था म्हणजे एकवटलेली हिंसा आहे, असं ते पुढेही मांडत राहिले. विनोबांनी राजनीती आणि लोकनीती असा भेद केला आणि शासनमुक्त समाजाचं ध्येय ठेवलं. भूदानातून ग्रामदानाकडे ते गेले त्यामागे हाच विचार होता, की गावानं एकमतानं आपलं आपण चालावं.

मुंबईतही एक नाव सापडतं. एम. पी. टी. आचार्य हे जुने क्रांतिकारक 1920 मध्ये ताश्कंदला कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते, पण नंतर तो मार्ग सोडून राज्यसंस्थेच्याच विरोधात गेले. 1954 मध्ये वारले तोवर मुंबईत राहून ते अराज्यवादी नियतकालिकांत लिहीत होते. त्यांची पत्नी माग्दा नाखमान ही रशियन चित्रकार. नवरा जगातल्या सगळ्या सरकारांविरुद्ध लिहीत होता, तेव्हा घरखर्चाला तिच्या चित्रांचा मोठा आधार होता. चळवळीतल्या किती घरांची हीच गोष्ट आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

या विचाराच्या बायकांनी मात्र आणखी एक मुद्दा पुढे आणला. अमेरिकेतल्या एमा गोल्डमनला 1916 मध्ये गर्भनिरोधाची माहिती दिल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं. तिचं म्हणणं असं, की कायदा बदलला, मत मिळालं, तरी घरातली आणि मनात बसलेली सत्ता जात नाही. तिला सरकार नको होतंच, पण बाईवर चालणारं एकच सरकार नाही हेही तिला दिसत होतं. आपल्या वादाचं मूळ मला इथे सापडतं.

आता आपल्या अनुभवाकडे येऊ. सरकारचा भरवसा का वाटत नाही? महाराष्ट्रातली स्त्रीमुक्ती चळवळ उभी राहिली तीच मुळी पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रश्नावर. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी बायांना विचारा सरकार म्हणजे काय. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पण चोरी कुठेही झाली तरी पोलीस पहाटे पालावरच येतात. आणि 2017 चं पांगरमल आठवा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत विषारी दारू पिऊन माणसं मेली. ती बनावट दारू सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बनत होती, असं तपासात पुढे आलं. ज्या आवारात माणूस वाचावा, त्याच आवारात त्याचं मरण तयार होत होतं. त्या बायांचं कुंकू पुसलं गेलं, ते काय सरकार नव्हतं म्हणून?

तेव्हा पहिलीचं म्हणणं खोटं नाही. सरकार हे बाईचं माहेर नाही.

पण मग गाव हे तरी माहेर आहे का? गावानं आपलं राज्य आपण करावं याची सगळ्यात गाजलेली उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. तुमच्यातल्या कित्येक जणी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार पाहून आल्या असतील. 1975 मध्ये अण्णा हजारे सैन्यातून राळेगणला परतले, तेव्हा गावात पाणी नव्हतं आणि दारूच्या भट्ट्या होत्या. गावानं श्रमदानानं पाणी अडवलं, भट्ट्या बंद केल्या. दारू बंद झाल्याचं सुख सर्वांत आधी बायकांना कळलं. हे श्रेय आपण मोकळ्या मनानं द्यायला हवं.

पण त्याच गावात दारू पिणाऱ्याला देवळासमोरच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्यानं मारलं जायचं. हे खुद्द अण्णांनीच जाहीरपणे सांगितलेलं आहे. आपल्यातल्या कित्येक जणी म्हणतील, बरं केलं, आमच्याकडंही असंच पाहिजे. मलाही एके काळी तसंच वाटायचं. आता वाटतं, पोलिसाची काठी जाऊन गावाचा पट्टा आला, एवढंच झालं. आज तो पट्टा दारुड्याच्या पाठीवर आहे. उद्या पळून जाऊन लग्न करणाऱ्या मुलीच्या पाठीवर पडणार नाही, याची हमी कोण देणार? गावानं एकदा ठरवलं की दाद मागायला वरची जागाच नाही.

राळेगणची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. आता यातलं एकेक सूत्र घेऊन बघा, ते कोणाच्या कामावर येऊन पडतं. कुऱ्हाडबंदी झाली तर सरपण कोण आणतं? बाई. चराईबंदी झाली तर शेळी कोणाची? जिला जमीन नाही त्या बाईची. नसबंदी म्हटलं की खेड्यात ऑपरेशन कोणाचं होतं? दहात नऊ वेळा बाईचंच, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. डोंगर हिरवा झाला, विहिरीला पाणी आलं, हे खरंच. त्या पाण्यानं हंड्याची वणवणही कमी झाली. पण ज्या बैठकीत हे नियम ठरले तिथे सरपण आणणारी आणि शेळी राखणारी बाई किती बोलली, हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी विचारायचा? आदर्श गावाची पाहणी करायला येणारे पाझर तलाव मोजतात, झाडं मोजतात. ग्रामसभेत बोललेल्या बायका मोजताना मी कोणाला पाहिलं नाही.

दुसरं उदाहरण नेवासे तालुक्यातलं. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, हे जगभर गाजलेलं आहे. 2015 पर्यंत गावात पोलीस ठाणंही नव्हतं. सरकार नको म्हणणाऱ्यांना याहून सुंदर गाव कोणतं दाखवणार? पोलीस नाही, कुलूप नाही, श्रद्धेवर सगळं चाललेलं. पण ज्या गावात एकाही घराला दार नव्हतं, त्या गावात चौथरा मात्र बायकांना बंद होता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली 2000 मध्येच याविरुद्ध आवाज उठवला होता. नोव्हेंबर 2015 मध्ये एक बाई चौथऱ्यावर चढली तर शुद्धीकरणासाठी अभिषेक झाला. 26 जानेवारी 2016 ला मोर्चानं निघालेल्या बायकांना पोलिसांनी सुप्यालाच अडवलं. म्हणजे पोलीस त्या दिवशी गावाच्या बाजूनं उभे होते. पुढे विद्याताई बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर 1 एप्रिल 2016 ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की 1956 च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याप्रमाणे बायकांना अडवता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा आदेश असूनही गावकऱ्यांनी बायकांना अडवलं. शेवटी 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला.

यातून मी काय शिकले? गाव एकटं सोडलं असतं तर चौथरा उघडला नसता. नुसत्या कोर्टाच्या कागदानंही उघडला नाही. बायका पुन्हा पुन्हा गेल्या, अडवल्या गेल्या, बोलत राहिल्या, म्हणून कागदाला जीव आला. देवाला जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः जात नाही. पण तू इथे यायचं नाहीस, असं म्हणण्याचा अधिकार गावाला कोणी दिला हा प्रश्न माझाही आहे.

आता माझ्या त्या बाईकडे परत येते. तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सरकारनंच सुरू केली. हेतू चांगला होता. बांधावरची भांडणं, वाटण्या, किरकोळ मारामाऱ्या यांत गरिबाचं आयुष्य कोर्टात जातं, ते वाचावं. कितीतरी गावांत ते वाचलंही. पण गावात तंटे नसण्याला बक्षीस ठेवलं की तंटा बोलून दाखवणारी बाईच गावाची गुन्हेगार होते. तिचं मनगट हा तंटा नाही, तिची तक्रार हा तंटा. कायद्यानं पाहिलं तर नवऱ्याच्या छळाचा गुन्हा, म्हणजे जुनं 498 अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85, समितीनं परस्पर मिटवण्याचा नव्हेच. तरी मिटवला गेला. सरकारनं आपली जबाबदारी गावावर ढकलली, गावानं घरावर ढकलली. आपण म्हणतो सरकार आणि गाव एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बाईच्या बाबतीत ते बहुतेक वेळा एकमेकांचे भागीदार असतात.

म्हणून माझं म्हणणं असं. सरकार हवं की गाव हवं, हा आपला प्रश्नच नव्हे. तो पुरुषांनी आपापसांत वाटणी करताना पाडलेला प्रश्न आहे. अराज्यवाद्यांकडून आपण एक गोष्ट जरूर घ्यावी. कोणतीही हुकमत दिसली की विचारायचं, हा अधिकार तुला कोणी दिला? फक्त हा प्रश्न मंत्रालयापाशी थांबवायचा नाही. तो चावडीवर विचारायचा, जातपंचायतीत विचारायचा आणि स्वयंपाकघरातही विचारायचा. ज्याचा सरकारला विरोध आहे, पण सुनेनं वर मान करून बोललेलं चालत नाही, त्याचा सत्तेला विरोध नाही. त्याला फक्त सत्तेत वाटेकरी नको आहे.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगते.

पहिली, सही आधी नाही. कोणत्याही बाईला समितीसमोर तडजोड करायची असेल तर तो तिचा हक्क आहे. पण आधी तक्रार नोंदवायची, मग बोलणी. पुन्हा पोलिसांत जाणार नाही असं लिहून घेणारा कागद आपल्या केंद्रातून कधीही पुढे जाता कामा नये. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वापरता येतो आणि त्यात राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. समाजानं वाळीत टाकायची धमकी दिली तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा हा विळ्यासारखा वापरायचा. विळ्यावर कोणी श्रद्धा ठेवत नाही, त्याला धार लावून ठेवतात.

दुसरी, महिलांची ग्रामसभा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायलाच हवी. पुष्कळ गावांत ती वहीत होते, सह्या घरी नेऊन घेतल्या जातात. ती वही माहिती अधिकारात मागा. या कायद्यासाठी आपल्याच जिल्ह्यातून उपोषणं झाली, तर त्याचा उपयोग आपल्या वहीसाठी का होऊ नये?

तिसरी, आडवी बाटली. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर परवान्याच्या दारू दुकानावर मतदान घ्यावं लागतं. बंद करायला मात्र एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी घराबाहेर पडली नाही, तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. अट अवघड आहे आणि मुद्दाम अवघड ठेवलीय असंही वाटतं, कारण दारूचा महसूल सरकारलाच जातो. पण इथे कोणाला खांबाला बांधावं लागत नाही. घरोघर जाऊन बोलावं लागतं, आणि त्या बोलण्यातूनच बायका एकमेकींच्या होतात.

चौथी गोष्ट आपल्याबद्दलची. पवनारला 1959 मध्ये विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी स्वतः शेती करतात, स्वतः कारभार पाहतात आणि निर्णय सर्वांच्या संमतीनं घेतात. वरिष्ठ कोणी नाही. बायका हुकमतीशिवाय एकत्र राहू शकतात, याचा इतका जुना पुरावा महाराष्ट्रात आहे. पण तिथे नवरा नाही, सासू नाही, मुलं नाहीत. आपल्याला हे घरात राहून जमवायचं आहे, म्हणून ते जास्त कठीण आहे. निदान मंडळापासून सुरुवात करू. अध्यक्ष किती वर्षं तीच? हिशोबाची वही कोणाच्या घरात? पगारी कार्यकर्ती बोलते आणि बाकीच्या मान हलवतात, असं तर होत नाही ना? त्या बाईला मी सही करा म्हणाले, तेव्हा मीही तिच्यावरचं एक सरकारच होते. तिनं विचारलं होतं, करू का. मी तिलाच उलट विचारायला हवं होतं, तुम्हाला काय वाटतं, भीती कशाची वाटते?

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा आम्ही कागद बाजूला ठेवला आणि गुन्हा नोंदवला. चार वेळा ठाण्यात जावं लागलं. केस रेंगाळली. ती आता तालुक्याच्या गावी राहते, स्वतःचं कमावते. मागे एकदा भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. ती हसली. म्हणाली, "त्या रात्री पोलीस आले नाहीत, गाव आलं नाही. शेजारची म्हातारी आली, मला घरात घेतलं आणि आतून कडी लावली. नवरा बाहेरून शिव्या देत होता, ती हलली नाही."

त्या म्हातारीला कोणी अधिकार दिला नव्हता. तिच्याकडे कायदा नव्हता, पद नव्हतं, पट्टा नव्हता. पण तिला एकटीला रोज रात्री कडी लावून बसता येणार नाही. प्रत्येक वस्तीत अशा पाच-दहा जणी उभ्या राहिल्या, त्यांनी बाईला आधी आत घेतलं आणि सकाळी तिच्याबरोबर ठाण्यातही गेल्या, तर सरकारलाही जाब विचारता येईल आणि गावालाही. कालचा वाद मिटला असं मी म्हणत नाही. पण दुपारच्या सत्रात आपण आपापल्या गावांची यादी करू, आणि प्रत्येक गावापुढे एकच गोष्ट लिहू. रात्री बारा वाजता कोणाचं दार उघडेल? जिथे नाव लिहिता येणार नाही, तिथून आपलं काम सुरू.